फुरसुंगीचा फाटा

पाचवीच्या पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला मला धडा वाचायला उभं केलं. ‘पाणी’ला मी ‘पानी’ म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. 1982 सालचा जून होता. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या वाडीवरून पत्र्याची ट्रंक घेऊन मी नुकताच पुण्याला, शाळेच्या वसतिगृहात आलो होतो. त्या दिवसापासून मी वर्गात तोंड उघडेनासा झालो.

ग्रंथालयाच्या बाईंच्या कानावर हे कसं गेलं कोण जाणे. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि लोखंडी कपाटातून खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक काढलं. “सासवडच्या एसटीनं आलास ना रे? मग दिवे घाट उतरल्यावर फुरसुंगीचा फाटा लागला असेल. हा मुलगा तिथला.”

तो मुलगा म्हणजे बनेश फेणे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे.

तोवर मला वाटायचं, पुस्तकातली माणसं एकतर राजेरजवाडे असतात, नाहीतर शहरातली. हा तर माझ्या वाटेवरच्या गावचा! अंगानं किडकिडीत, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात, सायकल वाऱ्यासारखी हाणणारा, आणि अचंबा वाटला की जिभेनं ‘ट्टॉक्’ करणारा. त्याच्याकडे ताकद नव्हती, पैसा नव्हता. होती ती चौकस नजर आणि संकटात उडी घ्यायची खोड. मी वाचलेल्या एकाही पानावर आपण फुरसुंगीचे आहोत म्हणून तो ओशाळलेला नाही. हे मला त्या वयात किती हवं होतं, ते आज शब्दांत सांगणं अवघड आहे.

आठवड्याभरात ते पुस्तक वसतिगृहात फिरलं. दिवे गेल्यावर अंधारात एका खाटेवरून ‘ट्टॉक्’ यायचं, लगेच दुसऱ्या खाटेवरून उत्तर. एका रात्री, वर्गात मला सर्वांत मोठ्यानं हसलेल्या मुलानंच विचारलं, “ए, फुरसुंगी खरंच आहे का रे?” त्या खोलीत फुरसुंगी पाहिलेला मी एकटाच. घाटाची वळणं, खाली पसरलेली शेतं, फाट्यावर थांबणारी एसटी, सगळं सांगितलं. बोलत राहिलो. त्या रात्री कुणी हसलं नाही.

पुढे फेणेबरोबर आम्ही प्रतापगडावर गेलो, काश्मीरला गेलो. भागवतांचा जन्म 1910 चा. माझ्या आजोबांच्या वयाचा हा माणूस आमच्याशी आमच्यातलाच एक होऊन बोलायचा, कुठेही उपदेश नाही. ज्यूल व्हर्नच्या साहसकथाही त्यांनीच मराठीत आणल्या, हे कळल्यावर मी तेही कपाट रिकामं केलं. मुलांसाठी लिहिणाऱ्यांना आपल्याकडे जरा खालच्या पाटावर बसवतात. मला ते कधीच पटलेलं नाही.

मी दहावीत होतो त्याच सुमारास दूरदर्शनवर मालिका आली. सुमीत राघवन फेणे झाला होता. वसतिगृहाच्या एकुलत्या एका टीव्हीपुढे बसायला जागा मिळायची नाही. 2017 साली चित्रपट आला, तो मी लेकीला घेऊन पाहिला. अमेय वाघचा फेणे तिला आवडला. माझे डोळे भरून आले ते दिलीप प्रभावळकरांनी साकारलेले भागवत पडद्यावर दिसले तेव्हा. स्वतः भागवत 2001 सालीच गेले होते.

आता पुण्यात फुरसुंगी म्हटलं की लोकांना कचरा डेपो आठवतो. याचं मला फार वाईट वाटतं. गेल्या पावसाळ्यात गावी जाताना त्या पट्ट्यात वास आला तशी लेक गाडीची काच वर घ्यायला लागली. म्हटलं, थांब, फाटा येतोय. फेणे इथला.

ती क्षणभर बाहेर बघत राहिली. मग मागच्या सीटवरून आवाज आला, ट्टॉक्!