तुम्ही विचारलंत म्हणून: क्रोनेनबर्ग विकला गेला का?

आमच्या फिल्म सोसायटीत कॅनडाचा दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्गचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "'अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स' करून हाही शेवटी बाजारात बसलाच ना?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहितो.

पैशांपुरतं म्हणाल तर हो. टोरांटोच्या या माणसाच्या 'शिव्हर्स'ला 1975 मध्ये सरकारी निधी मिळाला, तेव्हा करदात्यांच्या पैशांवर असले किळसवाणे चित्रपट कशाला, ही ओरड कॅनडाच्या संसदेपर्यंत गेली होती. 2002 च्या 'स्पायडर'साठी त्यानं मानधनावर पाणी सोडलं. पुढच्या चित्रपटातून चार पैसे सुटणं भाग होतं, आणि हे त्यानं लपवलंही नाही. म्हणून 2005 मध्ये न्यू लाइन या हॉलिवूड स्टुडिओसाठी 'अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स' हा सुमारे 3.2 कोटी डॉलरचा थरारपट. पटकथाही दुसऱ्याची, एका ग्राफिक कादंबरीवरून.

पण श्रेयनामावली बघा. छायाचित्रण पीटर सुशित्स्की, संगीत हॉवर्ड शोअर, संकलन रोनाल्ड सँडर्स. सगळी त्याची जुनीच मंडळी. कथेतलं इंडियानामधलं गावसुद्धा ऑन्टॅरिओत चित्रित झालेलं.

आणि खरी गंमत हाणामारीत आहे. टॉम स्टॉल हा साधा, पापभीरू हॉटेलवाला. दोन खुनी घुसतात. तो कॉफीचं भांडं एकाच्या तोंडावर हाणतो, पिस्तूल उचलतो, खेळ खल्लास. आपण शिट्टी वाजवायच्या बेतात, तर कॅमेरा खाली पडलेल्याचा चिंधड्या झालेला जबडा दाखवतो, आणि त्याच्यात अजून धुगधुगी असते! बाजारू थरारपट इथे बायकोच्या मिठीकडे वळला असता.

पुढे पोरगा शाळेतल्या दांडगटाला बेदम बडवतो. आपल्या घरात मारामारीनं प्रश्न सोडवत नाहीत, असं बाप सुनावतो. नाही, आपण गोळ्या घालतो, पोरगा म्हणतो. बाप त्याच्या कानाखाली वाजवतो. मला तर सगळ्या गोळीबारापेक्षा ही चपराक जास्त लागते.

शेवटचा फिलाडेल्फियाचा भाग मात्र मला घाईचा वाटतो. त्यात टॉमच्या गुंड भावाच्या भूमिकेत विल्यम हर्ट जेमतेम दहा मिनिटं दिसतो, तोही जवळजवळ विनोदी ढंगात. ऑस्करचं नामांकन नेमकं त्याला मिळालं. पटकथेलाही मिळालं. दिग्दर्शनाच्या यादीत क्रोनेनबर्गचं नाव नव्हतं.