पित्त नव्हतेच ते

सकाळी उठल्याबरोबर डोके दुखत असेल, तर आमच्यासारख्या घरांत त्याचे निदान व्हायला अर्धा मिनिटही लागत नाही. ‘पित्त झाले असेल’ एवढे म्हणून कोणी आमसुलाचे सार पुढे करते, कोणी मोरावळ्याची बरणी काढते आणि आदल्या रात्रीच्या बटाटेवड्यावर खापर फोडून मोकळे होते. मीही जवळजवळ दोन वर्षे याच समजुतीवर काढली. आमच्या भागातील एका डॉक्टरांनीही दोन मिनिटांत आम्लपित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि मी त्या विनातक्रार घेतल्या, कारण माझे मत त्यांच्या मताशी जुळत होते.

गेल्या हिवाळ्यात मात्र मी एक वही केली. बँकेत तीस वर्षे खतावण्या जुळवल्यामुळे ही सवय अंगात मुरलेली आहे. रोज सकाळी कोथरूडच्या घराच्या गॅलरीत बसून उठण्याची वेळ, दुखण्याची जागा, ते किती वाजता थांबले, आदल्या दिवशीचा शेवटचा चहा आणि गोळी घेतली असल्यास तिचे नाव एवढ्या नोंदी मी सहा आठवडे केल्या. त्यातून जे दिसले त्याने मला चकित केले: माझे डोके एका प्रकारे दुखतच नव्हते. सोमवार ते शनिवार दोन्ही कानशिलांवर कोणी घट्ट फडके बांधल्यासारखा मंद दाब असे आणि नऊ-साडेनऊपर्यंत तो आपोआप ओसरे. रविवारी मात्र डोके ठणकत असे, पण चहाचा पहिला कप पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळे शांत होई.

रविवारचे कोडे सोपे निघाले. एरवी मी सहाला उठून सव्वासहाला चहा घेतो. रविवारी साडेआठपर्यंत लोळतो. रोज चार-पाच कप कडक चहा घेणाऱ्याच्या शरीराला कॅफीनची सवय लागलेली असते. कॅफीन मेंदूतील रक्तवाहिन्या किंचित आकुंचित ठेवते. ते वेळेवर मिळाले नाही की त्या सैलावतात आणि डोके दुखू लागते. शेवटच्या कपानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत हे दुखणे सुरू होऊ शकते. शनिवारी दुपारी चारला घेतलेल्या चहापासून रविवारी सकाळी साडेआठपर्यंतचे तास बोटांवर मोजले की ते साडेसोळा भरतात.

आठवड्यातील इतर दिवसांचे उत्तर वहीत नव्हते, कारण ते मी झोपेत असताना घडत होते. ते माझ्या पत्नीकडे होते आणि तिने ते पूर्वी अनेकदा सांगितलेही होते. मी ते घोरण्याबद्दलची नेहमीची तक्रार म्हणून सोडून दिले होते. या वेळी ती म्हणाली, “अहो, तुमचं घोरणं परवडलं; ते मध्येच थांबतं ना, तेव्हा मला धडकी भरते.” तिने मोबाइलवर केलेले ध्वनिमुद्रण मी ऐकले. चढत जाणारे घोरणे, मग अचानक शांतता, पंख्याचा आवाज, खालून गेलेली एखादी दुचाकी, आणि मी मनात सतरापर्यंत मोजल्यावर बुडणारा माणूस पाण्याबाहेर यावा तसा घेतलेला हिसक्याचा श्वास. स्वतःचा असा श्वास ऐकणे ही मुळीच सुखाची गोष्ट नाही.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि पडजीभेजवळचा भाग मागे सरकून श्वासाची वाट बुजते, रक्तातील प्राणवायू घटतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. वाढलेला कार्बन डायऑक्साइड मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतो, हे सकाळच्या दुखण्याचे एक कारण मानले जाते. शिवाय रात्रभर झोप तुकड्यातुकड्यांत होते, ते वेगळेच. या प्रकारचे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखे असते, त्यात मळमळ नसते आणि उठल्यापासून चार तासांच्या आत ते थांबते. माझ्या नोंदी याच्याशी इतक्या जुळत होत्या की मला स्वतःचाच राग आला. सकाळी घशाला पडणारी कोरड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणे, दुपारी पेपर वाचताना लागणारी डुलकी या सगळ्या गोष्टी मी वयाच्या खात्यावर जमा करून टाकल्या होत्या. दुपारच्या डुलकीबद्दल तर पुण्यात कोणी शंकाही घेत नाही.

चाचणी घरीच झाली: बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी आणि एक रात्र. किमान दहा सेकंद श्वास थांबणे किंवा बराच कमी होणे अशा घटना तासाला किती होतात ते त्यात मोजतात. पाचपेक्षा कमी असतील तर चिंता नाही, पंधरापर्यंत सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. माझा आकडा सत्तावीस आला. उपचार म्हणून मिळालेले सीपॅप यंत्र मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवते. सिडनीत कॉलिन सलिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हा उपाय प्रथम मांडला. पहिले आठ दिवस मुखवट्याने नाकावर वळ उठले आणि झोप लागेना. तिसऱ्या आठवड्यात वहीतील डोकेदुखीचा रकाना कोरा राहू लागला.

माझे उत्तर सर्वांना लागू पडेल असे मात्र नाही. माझ्या भाचीचे डोके पहाटेच दुखते, पण ते एका बाजूला ठणकते, उलटी होते, उजेड नकोसा वाटतो. तो मायग्रेन आहे. झोपेत दात खाणाऱ्याला सकाळी कानशिले आणि जबडा दुखतो. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर त्या गोळ्याच डोकेदुखी निर्माण करू लागतात आणि रात्रीत औषधाचा असर उतरल्याने ती सकाळी जाणवते. वहीत माझी बेरीज महिन्याला अकरा दिवसांवर गेली होती, हे पाहून मी हबकलो. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवल्यावर किंवा खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गिझर लावल्यावर घरातील दोघातिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर ते कार्बन मोनॉक्साइड असू शकते. तेथे वही न शोधता आधी बाहेर मोकळ्या हवेत जावे. अचानक उठलेली असह्य वेदना, पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेले दुखणे, दिवसेंदिवस वाढणारे आणि उलट्यांसह येणारे दुखणे, हातापायांतील कमजोरी किंवा दृष्टीतील बदल यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.

आता राहिला प्रश्न रविवारचा. त्या दिवशी उशिरा उठण्याचा हक्क मी सोडलेला नाही. शनिवारी रात्री चहाचा छोटा थर्मास भरून उशाशी ठेवतो, सव्वासहाला अर्धा कप घेतो आणि पुन्हा पांघरूण ओढतो. डोके दुखत नाही. पारोशा तोंडाने चहा पिण्यावरून पत्नी जे बोलते, त्यावर मात्र अजून उपाय सापडलेला नाही.