जांगमा सरता सरता: आंदोंग आणि हेइन्सा

कोरियाचा उन्हाळा जून ते ऑगस्ट असा असतो आणि त्यातही जूनअखेरीपासून साधारण जुलैअखेरीपर्यंत ‘जांगमा’ म्हणजे तिथला पावसाळा चालतो, हे मे महिन्याच्या सुट्टीवरून उन्हाळा मोजणाऱ्या आपण मराठी प्रवाशांनी आधीच ध्यानात घ्यावे. आम्ही दोघे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेलो. सोल दोन दिवसांत आटोपून उरलेले दिवस आग्नेयेकडच्या ग्योंगसांग भागात घालवले, कारण दमट हवेशी जुन्या कोरियाने कसे जुळवून घेतले, ते मला पाहायचे होते.

सोलहून जलद रेल्वेने सुमारे दोन तासांत आंदोंग येते. तिथून बसने हाहोए गावी जाता येते. नाकडोंग नदी या गावाला वळसा घालून जाते आणि गावाच्या नावाचा अर्थही तोच आहे. कौलारू वाडे आणि गवताने शाकारलेली घरे अजून नांदती आहेत. 2025च्या मार्चमधील भीषण वणवा या परिसरापर्यंत आला होता, तरी गाव वाचले, याचे फार समाधान वाटते. इथल्या जुन्या घरात एक रात्र अवश्य राहावे. मधल्या ‘मारू’ची, म्हणजे मोकळ्या दालनाची, लाकडी जमीन मातीपासून उचललेली असल्यामुळे फळ्यांच्या फटींतून खालची गार हवा वर येते, आणि उन्हाळ्यात दारे वर उचलून छताला अडकवली की सगळी खोली आपल्याकडच्या ओसरीसारखी मोकळी होते. अंथरूण मात्र जमिनीवरच असते, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचार करावा.

जवळच्या ब्योंगसान विद्यापीठात, म्हणजे जुन्या कन्फ्यूशियन पाठशाळेत, याच दिवसांत गुलाबी फुलांनी लगडलेली झाडे दिसतात. ती आपल्या ताम्हणाच्याच वंशातली आहेत, हे चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या जवळून पाहताच ओळखू येते. इथे बसच्या मोजक्याच फेऱ्या असतात. आमची परतीची फेरी चुकली आणि टॅक्सी येईपर्यंत तासभर थांबावे लागले, म्हणून उतरल्याबरोबर परतीची वेळ टिपून घ्यावी.

या प्रवासात मला सर्वांत मोलाचे वाटले तो गायासान डोंगरातील हेइन्सा हा बौद्ध मठ. देगू शहराच्या पश्चिम बसस्थानकावरून दीड तास लागतो आणि नंतर थोडी चढण आहे. मंगोल आक्रमणांच्या काळात, 13व्या शतकात, कोरलेले बौद्ध त्रिपिटकाचे 81,000हून अधिक छपाईचे लाकडी ठसे इथे आहेत. त्यांना सांभाळणाऱ्या 15व्या शतकातील इमारतींना 1995 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. समोरच्या भिंतीत खालची खिडकी मोठी आणि वरची लहान, तर मागच्या भिंतीत नेमके उलट, त्यामुळे आत शिरलेली हवा मांडण्यांमधून फिरूनच बाहेर पडते. जमिनीखाली कोळसा, चुना आणि मीठ घातलेले असल्याने ओल शोषली जाते. गजांमधून डोकावले तेव्हा काळसर फळ्यांच्या उभ्या रांगा दिसल्या, आणि बाहेर पाऊस झिमझिमत असताना आतला वास कोरड्या लाकडाचा होता. आत छायाचित्रे काढू देत नाहीत. ओढ्याकाठची ‘सोरीगिल’ ही सहा-सात किलोमीटरची वाट सावलीची आहे, परंतु मुसळधार पावसाचा इशारा मिळाला की राष्ट्रीय उद्यानातील वाटा बंद होतात. त्यामुळे एक दिवस हाताशी राखून ठेवावा.

ग्योंगजू या जुन्या राजधानीच्या शहराला आम्ही एकच संध्याकाळ दिली. वोल्जी तळ्याजवळची कमळे जुलैत फुलतात, तेवढ्यासाठीही ते करण्यासारखे आहे.

शाकाहारी मंडळींनी साध्या दिसणाऱ्या किमचीतही बहुधा माशांचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते, हे विसरू नये. सोयाबीनच्या थंड दुधातल्या शेवयांची ‘कोंगगुक्सू’ ही उन्हाळी थाळी पोटाला निववते, आणि मठातल्या जेवणात मांसच नव्हे तर कांदा-लसूणही नसल्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची उत्तम सोय होते. भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागतो. पायी रस्ता शोधण्यासाठी ‘नेव्हर’ या कोरियन अ‍ॅपचा नकाशा, आणि बस-मेट्रोसाठी टी-मनी कार्ड घ्यावे. छत्रीबरोबर लवकर वाळणारे कपडे न्यावेत.

हेइन्साला शक्य असेल तर मुक्कामच करावा. संध्याकाळी भिक्खू आळीपाळीने मोठा ढोल वाजवतात, मग लाकडी मासा, ढगाच्या आकाराची थाळी आणि घंटा यांचे नाद दरीभर पसरतात. देगूची शेवटची बस पकडायची असेल तर हे अर्ध्यावर सोडून निघावे लागू शकते.