उजळाईवाडीला उतरल्यावर गावात कसं यायचं? माझा अनुभव

कोल्हापूरचं विमानतळ उजळाईवाडीला, गावापासून नऊ-दहा किलोमीटरवर. बंगळूरला विमानतळावरून घर गाठायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात हैदराबादहून निघालेला माणूस इथं उतरून चहा पिऊन मोकळा होतो. हे नऊ किलोमीटर कशानंही या, निघून जातात. अडतं ते शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला. पेठेतली बोळं, महाद्वार रोडची गर्दी, अंबाबाईच्या देवळाभोवतीचे बॅरिकेड, यातून गाडी कुठवर जाणार हे आधी ठरवावं आणि मग वाहन बघावं. नोकरीनिमित्त हैदराबादला राहतो, येणं-जाणं सतत चालू असतं, त्यातून झालेलं हे मत.

१९३९ साली, राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत सुरू झालेलं हे विमानतळ. नवं टर्मिनल मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. दगडी कमानी देखण्या आहेत, बाहेरगावचे पाहुणे उतरल्या उतरल्या फोटो काढत उभे राहतात. घाई असेल तर आपण राहू नये. इथं येणारी बरीच विमानं लहान, पन्नास ते पाऊणशे-ऐंशी माणसांची. सगळे एकदमच बाहेर पडतात, आणि रिक्षा-गाड्या विमानाच्या वेळेवर येऊन थांबलेल्या असतात तेवढ्याच. त्या भरून गेल्या की पुढचं विमान येईपर्यंत बाहेर शुकशुकाट. म्हणून बॅग पट्ट्यावर येण्याआधीच काय करायचं ते ठरलेलं बरं.

कोल्हापूरकराला विचाराल तर तो म्हणणार, "गाडी कशाला करतोस, मी आलो की न्यायला!" आमच्या दोस्ताचं हेच. बुलेट घेऊन येतो, वेळेवर कधीच नाही, आणि घरी नेण्याआधी मिसळ खायला लावतो. एकटा असाल, पाठीवर एक सॅक असेल, तर याच्यासारखी सोय नाही. दोन बॅगा आणि बायको-मुलं असली की या प्रेमाला नम्रपणे नकार द्यावा.

ॲपवरची टॅक्सीही करून बघितली. गाडी मिळाल्याचं दिसलं, मग ड्रायव्हरचा फोन आला, "कुठं जायचंय? कॅश हाय का?" आणि पुढच्या मिनिटाला बुकिंग रद्द. परत तो खटाटोप केला नाही. हॉटेलात उतरणार असाल तर त्यांनाच गाडी पाठवायला सांगा, विषय संपला.

सगळ्यात स्वस्त म्हणजे बाहेर हायवेला यायचं आणि कागलकडून येणारी एसटी, केएमटी म्हणजे शहराची बस, नाहीतर वडाप म्हणजे माणसं भरून चालणारी खाजगी गाडी धरायची. सामान नसेल तर मी हे आवडीनं करतो. हात दाखवला की वडाप थांबतं, आतला पोरगा "सरका की जरा" म्हणत जागा करतो, सॅक मांडीवर घ्यायची आणि कावळा नाक्याला उतरायचं. तिथून स्टँड जवळच. मात्र सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम निघाल्यापासून हायवेच्या कडेला उभं राहणं म्हणजे धूळ खाणं आहे, आणि कुठली गाडी वरून जाईल, कुठली सर्व्हिस रोडनं येईल, हे तिथल्या टपरीवाल्याला विचारल्याशिवाय कळत नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन या भानगडीत पडू नये.

म्हातारं माणूस म्हणजे आमची आत्ती. गुडघे गेलेत, पण नवरात्रात अंबाबाईचं दर्शन चुकवायचं नाही आणि दर्शन झाल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, असा तिचा नेम. तिला घेऊन मी हैदराबादहून आलो, त्या वेळी चुलतभावानं आग्रहानं एसी टुरिस्ट गाडी सांगून ठेवायची तयारी केली होती. मी नको म्हणालो. नवरात्रात देवळाच्या आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात, चारचाकी लांबच्या पार्किंगला लावायला लावतात आणि तिथून पुढं चालायचं. पार्किंगपर्यंत गार हवा खाऊन पुढं आत्तीला कोण उचलणार? रिक्षा निदान बॅरिकेडला टेकेपर्यंत जाते, आणि रिक्षावाल्याला कुठली गल्ली उघडी आहे ते त्या दिवसाचं माहीत असतं.

बाहेर एक मामा रिक्षा पुसत उभे होते. रिक्षा म्हणजे नवरीसारखी नटवलेली. स्टीलच्या दांड्या आरशासारख्या चकचकीत, आत गालिचा, पुढं अंबाबाईचा फोटो आणि त्याला झेंडूचा ताजा हार. आमच्याकडं रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात, त्यातली ही असावी. आत्तीनं बसायच्या आधी चपला हातात घेतल्या, तर मामाच म्हणाले, "असू दे आज्जी, बसा निवांत."

"कुठं सोडायचं, पाव्हणं?"

"अंबाबाईला. आत्तीचे गुडघे दुखतात, जवळात जवळ न्या."

"बिंदू चौकाचं नावच काढू नका आज. मिरजकर तिकटीकडनं खासबागपर्यंत नेतो. तिथनं भवानी मंडप आलाच की."

"घेणार किती?"

"चारशे द्या."

मी मीटरचं नाव काढलं. मामा हसले. "मीटरनं येतो की, पण येताना रिकामं यावं लागतंय त्याचं काय?" साडेतीनशेवर जमलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. सोडून आल्यावर विमानतळाकडं यायला गिऱ्हाईक दर वेळी कुठून मिळणार?

शाहू नाक्यावरून विद्यापीठाच्या रस्त्यानं निघालो. जाता जाता सांगतो, या नाक्यावर एकेकाळी टोल होता. प्रा. एन. डी. पाटलांच्या नेतृत्वाखाली अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं, तेव्हा कुठं तो गेला. आत्ती अजून तिथून जाताना "इथं पैसे घ्यायचे मेले" म्हणते. सायबर चौकातून मामांनी राजारामपुरीत न शिरता हॉकी स्टेडियमच्या बाजूनं काढली आणि बोळाबोळातून खासबागला आणून उभं केलं. तिथून पूर्व दरवाजा आत्तीच्या चालीनंही आवाक्यात होता. मध्ये दोनदा टेकली, एकदा पाणी प्यायली, आणि रांगेत उभी राहिली. चुलतभावाला हे सांगितलं तर तो अजून म्हणतो, एसी पाहिजे होता.

देवळाकडं जायचं नसेल तर हिशेब बदलतो. स्टँड, रेल्वे स्टेशन, ताराबाई पार्क ही बाजू असेल तर हायवेनं तावडे हॉटेलवरून कावळा नाक्याला येणारी चारचाकी बरी, फक्त संध्याकाळी तावडे हॉटेलपाशी अडकायची तयारी ठेवा. राजारामपुरी, टाकाळा, विद्यापीठ परिसर असेल तर शाहू नाक्याचाच रस्ता सोयीचा. कागल, निपाणी, गडहिंग्लजला जाणाऱ्यांनी गावात येऊच नये, हायवेवरूनच उलट दिशेची एसटी धरावी. आणि जोतिबा-पन्हाळा करायचा असेल तर दिवसभराची गाडी ठरवावी, तिथं रिक्षाचा उपयोग नाही.

पावसाळ्यात आणखी एक. पंचगंगेला पूर आला की पुण्याकडून येणारा हायवे शिरोलीपाशी पाण्याखाली जातो, २०१९ आणि २०२१ला दोन्हीकडच्या गाड्या अडकून पडल्या होत्या. विमानतळ मात्र नदीच्या अलीकडं, गावाच्याच बाजूला आहे, त्यामुळं गावात यायला पंचगंगा ओलांडावी लागत नाही. गावातल्या गावात जयंती नाला फुगतो आणि शाहूपुरीची सखल बाजू पाण्यात जाते, तेव्हा रिक्षावाल्याला राजारामपुरीच्या चढानं घ्यायला सांगायचं. ढग खाली आले तर विमानच उशिरा उतरतं किंवा दुसरीकडं वळवतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गाडी आदल्या दिवशी सांगून ठेवली तरी ॲडव्हान्स देऊ नका.

परतीला मी मामांनाच फोन केला. आत्तीचा गूळ, चटणी, माझ्यासाठी घेतलेल्या चपला, सगळं मागं नीट बांधलं आणि तीनशेच मागितले. मी विचारलं, "कमी कसे?" तर म्हणाले, "तुम्ही जे विमान धरणार, त्यातनं उतरलेली माणसं मला परतीला मिळत्यात की." विमानतळाकडं जाताना रिक्षा ठरवत असाल तर घासाघीस करायला एवढं पुरतं.