पुष्पकच्या शेपटीत काय काय निघालं
आज दिवसभर हँगरमध्येच होतो, समोर एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं) जुनं पुष्पक विमान, १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेलं मॉडेल, दोन सीट, ९० हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन. बघायला येणारे सगळे आधी इंजिनच विचारतात, अरे पण ते खोलून ओव्हरहॉल करता येतं, खरी भीती सांगाड्यावर ताणलेल्या कापडाखाली! शेपटीकडचं फॅब्रिक काढलं तर आत उंदरांचा अख्खा संसार आणि त्याखाली स्टीलच्या नळ्यांना गंज. टेलव्हीलचं, म्हणजे शेपटीखाली छोटं चाक असलेलं विमान शेपूट टेकून बसतं ना, मग आत शिरलेलं पाणी तिथेच साचतं. टोच्या घेऊन एकेक नळी टोचत गेलो, एकीत तर सरळ आरपार. म्हणजे आता तो तुकडा कापा, नवा वेल्ड करा, मग फॅब्रिक, त्यावर डोपचे (कापड ताणून घट्ट करणाऱ्या लेपाचे) हात, डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतूक नियामकाची, कागदपत्रं वेगळीच. खर्चाचं घरी अजून बोललेलो नाही 😅