नेटचा प्लॅन संपत आला होता, ११,३१४ चे ८,४९६ कसे केले

मागच्या फेब्रुवारीत आम्ही घरी फायबर घेतलं ते वर्षभराचे पैसे एकदम भरून. १०० एमबीपीएस, ६,६०० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,७८८. यंदा जानेवारीच्या मध्यात मेसेज आला की तुमचा प्लॅन ९ फेब्रुवारीला संपतोय, रिन्यू करा, रक्कम ११,३१३ रुपये ८४ पैसे. मला आधी वाटलं कुणा दुसऱ्याचं बिल आलंय. मग हिशोब केला तर बरोबर होता, महिन्याचा रेट ७९९, बारा महिन्यांचे ९,५८८ आणि त्यावर जीएसटी. वायर तीच, डबा तोच, स्पीड तोच, आणि साडेतीन हजार जास्त.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मी घरूनच नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते, काही मुलं देवासची, दोन महूची, सगळं ऑनलाइन. त्यामुळे नेट म्हणजे माझं दुकानच, ते बंद पडलेलं चालत नाही आणि कंपनीला हे नक्की माहीत असतं की गरजू माणूस मुकाट्याने भरतो. मीही भरलेच असते. पण त्याच रविवारी बगीच्याच्या गेटजवळ आमच्याच कंपनीची छत्री लागलेली दिसली, दोन पोरं पॅम्प्लेट वाटत होती, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, १०० एमबीपीएस, १२ महिने अधिक १ महिना फ्री, ६,६०० प्लस जीएसटी. म्हणजे नव्या माणसाला तेरा महिने ७,७८८ मध्ये आणि वर्षभर वेळेवर राहिलेल्या माणसाला बारा महिने ११,३१४ मध्ये! खरं सांगते, मला खूप लागलं ते. मी त्या पोराला म्हटलं, भैया, मैं तो पुरानी ग्राहक हूँ, मुझे ये रेट क्यों नहीं? तो म्हणाला आंटी, ये सिर्फ नए कनेक्शन के लिए है. मी पॅम्प्लेट घडी करून पर्समध्ये टाकलं.

पहिलं काम केलं ते ऑटोपे बंद करायचं. गेल्या वर्षी कधीतरी ॲपमध्ये टिक राहिली होती, ते मॅन्डेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन रद्द केलं. हे आधी करा, कारण पैसे एकदा कटले की मग तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही, रिफंडच्या मागे फिरत बसायचं.

दुसरं, आपल्या घरापर्यंत अजून कोण कोण पोचतं ते बघितलं. याला ते लोक फिजिबिलिटी म्हणतात. एका दुसऱ्या मोठ्या कंपनीचा बॉक्स समोरच्याच खांबावर आहे पण त्यात पोर्ट, म्हणजे वायर जोडायची जागा, रिकामा नव्हता. मग आमचा केबलवाला. तो म्हणाला १०० ची स्पीड, महिन्याला ५०० सगळं धरून, राउटर तुमचा. मी विचारलं लायसन्स कुणाचं, पक्कं बिल मिळेल का. कारण नेट विकायला दूरसंचार विभागाचं लायसन्स लागतं, त्याचे तीन वर्ग, ए म्हणजे अख्खा देश, बी म्हणजे एक सर्कल (आपल्याकडे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एकच सर्कल आहे) आणि सी म्हणजे त्याहून लहान एरिया, आणि गल्लीतला केबलवाला बहुतेक वेळा अशाच कुणाचा तरी फ्रँचायझी असतो. त्याने कंपनीच्या नावाचं जुनं बिल दाखवलं, जीएसटी नंबरसकट. लाइट गेल्यावर काय, तर म्हणाला बॅटरी दोन तास खींच लेती है. माणूस सरळ वाटला. बारा महिन्यांचे ६,००० आणि राउटरचे १,५०० धरले, म्हणजे ७,५०० मध्ये माझं काम होत होतं. हा आकडा हातात आल्यावर माझी भीतीच गेली.

मग स्पीड बघितली आठवडाभर. मोबाइलवर संध्याकाळी ३५-४० च्या पुढे जाईना, मी तक्रार करणारच होते, पण मुलाने थांबवलं. तो म्हणाला आई, तू २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे हळू चालणाऱ्या वायफायवर बघून राहिलीस, लॅपटॉपला केबल लाव. लावली तर ९४. राउटरचा पोर्ट १०० चा असला की ९४-९५ च्या वर दिसतच नाही, म्हणजे स्पीड पूर्ण मिळत होती आणि माझी तक्रार खोटी पडली असती. खरी तक्रार वेगळी होती. आमच्या सासूबाई कालनिर्णयवर दूध, गॅस, मोलकरणीचे खाडे सगळं लिहितात, त्यात "नेट नाही" पण लिहिलेलं. पावसाळ्यात समोरचा रस्ता खोदला तेव्हाचे दोन दिवस, मग ऑगस्टमध्ये दोन, दिवाळीच्या आधी एक. पाच दिवस, तारखांसकट. त्या पानांचे फोटो काढून ठेवले.

आणि मनात एक आकडा पक्का केला, जीएसटी धरून ८,५०० च्या वर जायचं नाही. त्याच्या आत मिळालं तर राहायचं, कारण नवी वायर ओढायची, भिंतीत भोक पाडायचं, आणि परीक्षेच्या तोंडावर एखादा दिवस क्लास बुडला तर तो माझ्या मुलांचा बुडतो.

कस्टमर केअरला पहिल्यांदा फोन केला तेव्हा "प्लॅनची माहिती" हा ऑप्शन दाबला, तर ती मुलगी एकच वाक्य बोलत राहिली, मैम सिस्टम में यही रेट दिखा रहा है. तिची चूक नाही, तिच्या हातात काही नसतंच. दुसऱ्या दिवशी "कनेक्शन बंद करायचं आहे" हा ऑप्शन घेतला. दोन तासात वेगळ्याच नंबरवरून एका मुलाचा फोन आला, आणि याच्याकडे रेट होते. आधी म्हणाला ओटीटी फ्री देतो. आमच्याकडे बघणाऱ्या एकट्या सासूबाई, त्यांच्या मालिका डिशवर लागतात. नको म्हटलं. मग म्हणाला त्याच पैशात २०० ची स्पीड. मी म्हटलं, एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतात, माझ्या क्लासला तीन-चार, घरात चार माणसं, मी २०० चं काय करू? मग ६९९ वर आला. म्हणजे बारा महिन्यांचे जीएसटीसकट ९,८९८, अजूनही खूप. तेव्हा मी पॅम्प्लेट समोर धरून वाचून दाखवलं, कालनिर्णयच्या पाच तारखा सांगितल्या, आणि केबलवाल्याचा आकडा सांगितला, आहे तितकाच, कमी करून नाही. म्हटलं मुझे आपके यहाँ रहना है, पर नए ग्राहक का रेट दीजिए. आणि गप्प बसले. ते गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं, मला सारखं वाटत होतं की आता काहीतरी बोलावं, पण नाही बोलले. तो म्हणाला होल्ड करिए. परत आला आणि म्हणाला ७,२०० प्लस जीएसटी, तेरा महिने. म्हणजे ८,४९६.

नव्याच्या रेटपेक्षा ७०८ जास्तच आहे, आणि ते मला अजूनही पटलेलं नाही. पण माझ्या आकड्याच्या आत होतं. आमच्या गल्लीत काही जण जुनं कनेक्शन बंद करून नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाने नवं घेतात, त्यात डबा परत करा, पुन्हा केवायसी करा, इन्स्टॉलेशनची वाट बघा. मला ते सात-आठशे रुपयांसाठी नको वाटलं. मी हो म्हटलं, पण सांगितलं की हे सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवा, तेराव्या महिन्यासकट, मगच भरेन.

मेसेज आला. आणि ॲपमधली लिंक? ११,३१३.८४ च. परत फोन, परत सगळं पहिल्यापासून. मी तक्रार नोंदवायला लावली आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतला. हा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका, कारण ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद आणि तिथे नाही झालं तर कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडे अपील, ते त्यांनी ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं, आणि तिथे डॉकेट नंबरच विचारतात. हे मी फोनवरच्या मुलीला शांतपणे सांगितलं. ब्रॉडबँडचा भाव मात्र ट्राय ठरवून देत नाही, तो कंपनीच ठरवते, म्हणून भावाची तक्रार मी केलीच नाही, माझी तक्रार होती की कबूल केलेला भाव लावला नाही.

तेवढ्यात ९ तारीख आली. रात्री बारानंतर नेट बंद. सकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं भरून टाक ना पैसे, पोरांच्या परीक्षा आल्यात." यांनी पण तेच म्हटलं. माझाही धीर सुटत चालला होता. तो दिवस आणि दुसरा, दोन्ही क्लास मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेतले, व्हिडिओ बंद ठेवून, फक्त स्क्रीनवर गणितं. मुलांनी कुरकुर केली नाही, उलट एकीने विचारलं टीचर, रेट कमी झाला का.

११ ला दुपारी नवी लिंक आली, ८,४९६. भरले, पाच मिनिटांत हिरवा दिवा. पण ॲपमध्ये संपायची तारीख बघितली तर बारा महिन्यांचीच. पुन्हा फोन, मेसेजचा स्क्रीनशॉट मेल केला, चौथ्या दिवशी लेखी उत्तर आलं आणि तारीख मार्चमध्ये गेली. पुढच्या वर्षीचं कालनिर्णय आलं की फेब्रुवारीच्या १५ तारखेवर सासूबाई खूण करणार आहेत. समोरच्या काकूंचा प्लॅन एप्रिलमध्ये संपतोय, कंपनी तीच, त्यामुळे ते घडी पडलेलं पॅम्प्लेट आता त्यांच्याकडे आहे.