मावशीचा कान

फोंड्याच्या बाजारात सोनाराने गुलाबी कागदाची पुडी सोडली, मोत्यांच्या दोन्ही कुड्या तळहातावर घेतल्या आणि विचारलं, "फिरकी कुठल्या कानातली सैल झालीय?"

"उजव्या," मी पटकन म्हणालो.

आणि मग माझं मलाच नवल वाटलं. शर्टाची गुंडी तुटली तर मला दोन दोन दिवस पत्ता नसतो. पण मावशीचा उजवा कान मी कुठेही ओळखेन. २०२० चं अख्खं वर्ष मी तो रोज दुपारी साडेतीनला पाहिलाय.

मावशी सावईवेऱ्याला एकटी. थोरला दुबईत, धाकटा पुण्यात, मी पर्वरीच्या फ्लॅटमध्ये. २२ मार्चचा कर्फ्यू तिने 'एका रविवारचं काय ते' म्हणून काढला, तो पुढे सरेचना. पहिले काही दिवस तर गोव्यात किराण्याची दुकानंही बंद. आम्ही बिस्किटं मोजून खात होतो आणि मावशीकडे गेल्या पुरुमेंतातले, पावसाळ्याच्या बेगमीतले, सुके बांगडे अजून डब्यात होते. दुबईहून हुकूम सुटला, रोज कुणीतरी व्हिडिओ कॉल करायचा, आईचा चेहरा दिसला पाहिजे.

चेहरा कुठला! मावशी फोन घ्यायची आणि सरळ कानाला लावायची.

"मावशे, समोर धर, तोंड दिसत नाही."

"माझं तोंड काय आजच बघतोयस? आणि फोन काय डोळ्यांनी ऐकतात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

तिच्या घरी रेंज फक्त तुळशीपाशी. त्यामुळे साडेतीनचं ऊन बरोबर त्या कानावर. सात मोत्यांची कुडी, वजनाने लांबलेली पाळी, वर बुगडीचं कधीच बुजलेलं भोक, आणि मागे फिरकी, बोलता बोलता मावशी दोन बोटांनी आवळत राहायची ती. जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप, पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन, फोनमध्ये कान. पुण्याच्या ऑफिसची मीटिंग एकीकडे चालू. एकदा म्यूट करण्यात गफलत झाली आणि "माकडांना कर्फ्यू नाही, सगळे शहाळे फोडले मेल्यांनी" हे साहेबांसकट अकरा जणांनी ऐकलं. मीटिंगमधलं त्या दिवशीचं तेवढंच एक वाक्य मला आठवतं.

बोलणं तरी काय असायचं? नारळ पाडणारा पाडेली आला नाही. पाववाल्या पोदेराने उंडे दिले ते तिने तव्यावर पुन्हा भाजले. सुटे पैसे म्हणून आलेल्या नोटा सोलांच्या शेजारी उन्हात वाळत घातल्या, वर दगड ठेवून. सकाळी नऊ आणि रात्री नऊ दूरदर्शनवर रामायण, तेव्हा फोन करायचा नाही. अधूनमधून ती काहीच बोलायची नाही. मी कीबोर्ड बडवत राहायचो, पलीकडे सुपारीच्या झाडात कसला तरी पक्षी. कुणी फोन ठेवायचं नाही.

या फिरकीने आम्हाला एकदा फार छळलं होतं. मे महिना, आम्ही सातआठ मावसभावंडं, अंगणभर भिंडां, म्हणजे रातांबे, फोडून वाळत घातलेली. मावशी किंचाळली, फिरकी पडली! जो शोधेल त्याला मानकुराद आंबा, तोही अख्खा, वाटा नाही. आम्ही दुपारभर ती लाल ओली सालं एकेक करून उलटली. बोटं जांभळी झाली, मिठाने चरचरली, माझ्या आणि धाकट्याच्या मारामाऱ्या झाल्या. संध्याकाळी मावशीने अंबाडा सोडला आणि फिरकी टण्णकन पायरीवर पडली. आंबा तिने स्वतःच खाल्ला. न्यायाने पाहिलं तर बरोबरच होतं, पण तो राग माझ्या मनात आहे तो आहे.

तर कान. जूनच्या सुमारास माझ्या लक्षात आलं, तो हल्ली लालबुंद असतो. ताप की काय म्हणून मी घाबरलो. विचारलं तर म्हणाली, "अरे, सकाळपासून फोनच चाललेत. म्हार्दोळची वन्सं, मग वाळपईचा भाऊ, त्याला बिचाऱ्याला करमत नाही. मग तू. तू पण एकटाच ना रे तिथे, म्हणून साडेतीन तुझ्यासाठी ठेवलेत."

म्हणजे यादीत मी होतो. मला वाटत होतं, यादी माझी आहे.

पुढच्या वर्षी १६ मेच्या रविवारी तौक्ते वादळ आलं. वीज गेली, टॉवर गेला. साडेतीन वाजले, स्क्रीनवर कान नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. कर्फ्यू होताच. बुधवारी औषधं आणि मेणबत्त्या घेऊन निघालो. वाटेत माडाची झावळं, आडव्या पडलेल्या पोफळी, लोंबणाऱ्या तारा. मावशी सोप्यावर बसलेली. मी अंगणातच तुळशीपाशी थांबलो, तोंडाला मास्क. दोन हातांवरून काहीतरी बोललो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवली आणि कान पुढे केला.

मला काय विचारायचं होतं ते विसरलोच.

"दोन्ही फिरक्या बदलूया, डावीचे पण आटे झिजलेत," सोनार म्हणाला. खर्चाचा मामला, विचारलेलं बरं, म्हणून मी तिथूनच व्हिडिओ लावला. आता तिच्या घरात वायफाय आहे, नातवाने समोर कसं धरायचं ते शिकवलंय, सगळं आहे. स्क्रीन उजळली. कुडी नसलेला तो कान, पाळीला सुरकुती, आणि भोक बुजू नये म्हणून त्यात झाडूचा हीर खोचलेला.

"बोल रे," मावशी म्हणाली. "ऐकतेय."